बिनगाडीचा समुद्र

समुद्र पाहायचा हे आमच्या उर्वशीनं ठरवलं आणि गाडीत बसायचं नाही हेही तिनंच ठरवलं. या दोहोंच्या मधलं जे काही होतं, म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरपासून थेट अरबी समुद्रापर्यंतचा महाराष्ट्र, तो तेवढा माझ्याकडे सोपवला गेला.

दिवाळी होऊन गेली होती. आमच्याकडे ती हल्ली दारावरूनच जाते. टीव्हीवर कोकणातला कुठलासा किनारा दाखवत होते आणि उर्वशी सुपात तांदूळ निवडत बसली होती. निवडता निवडता तिचा हात थांबला.

"याच्या पलीकडं काहीच नसते का?"

"पाणी असते," मी म्हणालो.

"अन् पाण्याच्या पलीकडं?"

"पाणीच."

"मंग एकदा पाहाले पाहिजे," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळाकडे वळली. थोड्या वेळानं म्हणाली, "पन मी गाडीत नाई बसत. बाकी कायबी चालन."

दोन वर्षांत तिनं काही पाहिजे म्हटल्याची ही पहिलीच वेळ. कारण एकदाच सांगून टाकतो, म्हणजे मध्येमध्ये थांबायला नको. आमचा पिंटू दिघोरीला एका लग्नाला गेला होता. पहाटे मित्राच्या कारमधून परत येताना, गावाचे दिवे दिसायला लागल्यावर, हायवेवर एक ट्रक बिनदिव्याचा उभा होता. मित्र वाचला. तेव्हापासून उर्वशीनं ना गाव सोडलं, ना कारमध्ये पाय ठेवला. मी मात्र रोज एसटीनं त्याच जागेवरून भंडाऱ्याला कचेरीत जातो. डावीकडची खिडकी मिळाली तर उजवीकडे पाहतो, उजवीकडची मिळाली तर डावीकडे. उभं राहावं लागलं तर बुटांकडे.

तर बेत असा होता. मुलगी गुड्डी आणि जावई हेमराज मुंबईला असतात. रेल्वेनं मुंबई गाठायची, तिथून बोटीनं खाडीपलीकडे, पुढे बस आणि दोन रात्री किनाऱ्यावरची खोली. कारचा कुठे संबंध नाही. कागदावर हे इतकं सोपं दिसत होतं की मी ते शेजाऱ्यांना सांगण्याची चूक केली.

शेजारी म्हणजे ताराचंद. उमेदीची सगळी वर्षं यानं चिखल्याच्या मॅंगनीज खाणीवर जीप चालवली, पाळीचे कामगार आणले, नेले. आता तो आणि ती जीप, दोघंही निवृत्त होऊन आमच्या शेजारी उभे असतात. पिंटूला त्या पहाटे याच जीपमध्ये घालून ताराचंदनंच दवाखान्यात नेलं होतं. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येतो आणि गाड्यांविषयी बोलतो. गाड्यांविषयी बोलू नये हे त्याला कळतं. पण दुसरं काही त्याला येत नाही.

"मधुकरराव, मी काय मनतो," तो म्हणाला, "रेल्वेच्या भानगडीत कायले पडता? एक सात सीटर कराची. समृद्धीवर चढली का सुटली. वहिनीले मागच्या सीटवर आडवं होता येते, अन्..."

इथे तो थांबला. मागच्या सीटवर आडवं कोण झालं होतं ते सगळ्यांना एकदमच आठवलं. ओट्यावर माणसं तीन आणि तिघंही आपापल्या कपात पाहू लागली.

ती शांतता कुंताबाईंनी मोडली. या ताराचंदच्या थोरल्या बहीण. यांनी आयुष्यात गोसीखुर्दच्या धरणापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही. पण समुद्राच्या स्वभावाविषयी त्यांना खात्रीची माहिती होती. "समुद्राले नारळ देजो. खाली हातानं गेलं तं तो आपल्या मनानं काही ना काही घेते."

"आमच्याजवळ आता काय हाय घ्याले?" उर्वशी आतून म्हणाली. कुंताबाई लगेच उठल्या. त्यांना दुधाची आठवण झाली होती.

पुढचा अडथळा रजेचा. मी सरळमार्गी माणूस, अर्जात सरळ लिहिलं, ‘पत्नीस समुद्र दाखविणेकरिता’. साहेबांनी मला आत बोलावलं.

"साठवणे, हे कारण नियमात बसत नाही. वर्षअखेरीची तपासणी तोंडावर आहे. घरात कोणी आजारी आहे का? कोणी वारलं? तसं असेल तर आत्ता सही करतो."

वारल्याची रजा माझी आधीच घेऊन झाली होती. साहेब नवीन, त्यांना ते माहीत नव्हतं आणि सांगण्यात अर्थ नव्हता. मी अर्ज घेऊन बाहेर आलो. आस्थापनेच्या बांतेबाबूनं तो वाचला आणि दयेनं माझ्याकडे पाहिलं. "गुडघा दाखवा," तो म्हणाला, "गुडघ्याले कोनी नाई मनत नाई."

त्याप्रमाणे मी डॉक्टरांकडून गुडघा लिहून आणला. पण प्रमाणपत्र मिळालं म्हणजे भागत नाही, त्याला शोभेसं चालावंही लागतं. तीस वर्षांची नेकीची नोकरी झालेला मी, आठवडाभर कचेरीत भिंतीला धरून लंगडत होतो. शिपाई मला जिन्यावर हात देत होता. एका भगिनीनं तेल आणून दिलं. त्यांच्या आईचा गुडघा त्यानं बरा झाला होता. त्या वयस्कर बाईंच्या पंक्तीत बसताना माझ्या मनाला काय वाटलं, ते राहू द्या. रजा मंजूर झाली.

आता निघणं. मुंबईपर्यंतच्या हजारएक किलोमीटरची मला काळजी नव्हती. काळजी होती पहिल्या चार-पाचांची. वरठीचं स्टेशन गाठायला नेहमीची वाट भंडाऱ्यावरून आणि भंडाऱ्याची वाट त्या जागेवरून. मी जाऊ शकत होतो, कारण मला बुटांकडे पाहायची सवय झालेली. उर्वशीला मी काय पाहा म्हणून सांगणार होतो? ताराचंदनं आतल्या गावांमधून जाणारा रस्ता सांगितला आणि डोमाचा ऑटो ठरवून दिला. ऑटो चालेल, असं उर्वशीनं सांगितलं. त्याला दरवाजे नसतात.

आतला रस्ता फार छान होता, पण तो धानाचाही होता. कापणीचे दिवस. निम्म्या वाटेत धान कापणारं मोठं यंत्र रस्ता अडवून उभं होतं. डोमानं त्याच्या बाजूनं बांधावरून ऑटो घातला. ऑटो बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरला आणि उतरला तो तिथेच राहिला. चिखलात अर्धं चाक गेलेल्या ऑटोभोवती डोमा एक फेरी मारून आला. "निंगते," तो म्हणाला. "पन आज नाई निंगत."

शेवटी धानाची पोती घेऊन वरठीकडे चाललेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला घेतलं. उर्वशी ट्रॉलीत पोत्यांवर नीट पाय मुडपून बसली. इस्त्रीच्या शर्टात मी शेजारी. वर आभाळ, खाली धान, कानात आणि कॉलरमध्ये कोंडा. मी तिच्याकडे चोरून पाहिलं. ती शेतांकडे पाहत होती. "धान बरं झालं यंदा," ती म्हणाली. मला वाटलं, इथूनच परत फिरलो तरी चालेल.

स्टेशनासमोर ट्रॅक्टर थांबला आणि गाडी चुकेल या भीतीनं मी ट्रॉलीवरून उडी मारली. चांगली, दोन्ही पायांवर. मान वर केली तर समोर साहेब. ते सासूबाईंना गाडीत बसवून द्यायला आले होते.

मी ताबडतोब लंगडू लागलो. साहेबांनी माझ्या पायांकडे शांतपणे पाहिलं.

"साठवणे," ते म्हणाले, "कचेरीत तर उजवा होता. गुडघा बदलून घेतला का?"

तेवढ्यात केसातला कोंडा झटकत उर्वशी मागून आली आणि साहेबांना नमस्कार करून म्हणाली, "माह्यासाठी खोटं बोलले जी हे. मले समुद्र पाहाचा होता." साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. बांतेबाबूनं त्यांना मधल्या काळात काही सांगितलं असावं किंवा तिच्या चेहऱ्यावरच ते असावं. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आमच्या डब्यापर्यंत आणून दिली. "सावकाश या," एवढंच म्हणाले. मी फलाटावर लंगडणं चालूच ठेवलं होतं, कारण ते नेमकं कुठे थांबवावं हे मला कळत नव्हतं.

रात्रीचा प्रवास बरा झाला. सकाळी मुंबईला शेवटच्या स्टेशनावर उतरलो, तर गुड्डी आणि हेमराज न्यायला आले होते. हेमराज तुमसरचा, मनानं सरळ मुलगा. बोट जिथून सुटते त्या धक्क्यापर्यंत आम्ही सिटी बसनं जायचं असं फोनवर चारदा ठरलं होतं. पण हेमराजच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं आणि गुड्डी खाली पाहत होती. बाहेर आलो तेव्हा ते काय होतं ते दिसलं. पांढरी, कोरी कार. पुढे झेंडूचा हार.

"आई, तुमचाच पाय पयले लागाचा होता," हेमराज म्हणाला. "म्हनून महिनाभर कोनालेच सांगितलं नाई."

उर्वशीनं कारवरून हात फिरवला. "चांगली हाय," ती म्हणाली. "मी पायी येतो."

"मी हळू चालवतो ना, आई."

"तोबी हळूच चालवत होता, बापू," ती म्हणाली आणि चालू लागली.

मी पिशव्या घेऊन तिच्या मागे. गुड्डी माझ्या मागे. हेमराज काही क्षण तिथेच उभा राहिला असणार. मग तो कारमध्ये बसला आणि रस्त्याच्या कडेनं आमच्या चालीनं कार चालवू लागला. त्याला वाटलं असेल, सासूबाई दमल्या की बसतील. मुंबईच्या त्या रुंद रस्त्यावर पुढे गप्प चालणारी तीन माणसं आणि मागे हार घातलेली पांढरी गाडी, असं आम्ही निघालो. एका म्हाताऱ्यानं थांबून टोपी काढली तेव्हा मला शंका आली, पण उशीर झाला होता. चौकात ट्रॅफिक हवालदारानं हात करून मागचा सगळा रस्ता थांबवला आणि हळू आवाजात मला विचारलं, "कोण वारलं?"

"कोणी नाही," मी घाईनं म्हणालो.

"माहा पोरगा," उर्वशी म्हणाली.

दोन वर्षांत हे तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे आलेल्या नातेवाइकांनी नाही, मी नाही. ती ते एका परक्या हवालदाराला, भर चौकात, पत्ता सांगावा तसं सांगत होती. "पिंटू नाव होतं. दोन वर्स झाले. हे त्याची गाडी नाई, जावायाची हाय. तुमी गाड्या सोडा, लोकाईले उशीर होते."

हवालदारानं आमच्यासाठी चौक तसाच थांबवून धरला. आम्ही पलीकडे गेलो. हेमराजला मात्र त्यानं बाजूला घेतलं, कारण वाहतूक अडवल्याची तक्रार कुणीतरी केली होती. गुड्डी नवऱ्याजवळ थांबली. ती रडत होती. धक्क्यापर्यंत आम्ही दोघंच पोचलो.

तिथे बोटी होत्या, पण सगळ्या बांधलेल्या. खिडकीतल्या माणसानं न विचारताच सांगितलं, "वादळाचा इशारा आहे. फेऱ्या बंद."

"केव्हा सुरू होतील?"

"ते वादळाला विचारा."

त्याला आमची पलीकडच्या किनाऱ्यावरची खोली, गुडघा, ट्रॅक्टर, हे सगळं सांगावं असं मला वाटलं. पण मागे रांग होती आणि प्रत्येकाचं काही ना काही असणार. मी परत आलो तेव्हा उर्वशी कठड्याशी उभी राहून हाताच्या आडोशानं पाहत होती.

"पलीकडं दिसते ना," ती म्हणाली.

खरंच दिसत होतं. डोंगराची निळसर रेघ, धुराडी, उभी जहाजं. ज्यासाठी एवढे लांब आलो तेच नेमकं इथे नव्हतं. शेंगदाणे विकणारी एक बाई आमचं बोलणं ऐकत होती. तिनं सांगितलं, ही खाडीची बाजू, मोकळा समुद्र पाहायचा तर शहराच्या दुसऱ्या अंगाला जा, बस जाते.

बसनं गेलो. तिथे मात्र तो होता. आभाळ आणि पाणी एकाच मळकट रंगाचं, लाटा दगडांवर आपटत होत्या आणि पलीकडे काही नव्हतं. उर्वशी कठड्यावर बसली. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि आता काहीतरी होईल म्हणून वाट पाहू लागलो. तिला बरं वाटेल, रडू येईल, निदान ती काही म्हणेल.

तिनं थोडा वेळ पाहिलं. मग पाय उचलले, वळली आणि समुद्राकडे पाठ करून बसली.

समोर रस्ता होता. असा रस्ता मी जन्मात पाहिला नाही. एकामागून एक, चार चार रांगांनी, दोन्ही बाजूंनी कार. लाल, काळ्या, पांढऱ्या. आत शाळेच्या गणवेशातली मुलं, फोनवर बोलणारी माणसं, झोपलेल्या म्हाताऱ्या. उर्वशी एकेक गाडी येताना पकडायची आणि दिसेनाशी होईपर्यंत सोडायची नाही. मी म्हटलं, "तिकडं पाहा ना, एवढ्यासाठी आलो." तिनं ऐकलं नाही. वाऱ्यानं तिचा पदर मागे, पाण्यावर उडत होता.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "एवढ्या गाड्या. ह्या साऱ्या पोचतेत का घरी?"

"पोचतात," मी म्हणालो.

"मंग आपलीच काहून नाई पोचली?"

वरिष्ठ लिपिक म्हणून मी पुष्कळ प्रश्नांना उत्तरं देतो. नियम दाखवतो, परिपत्रक दाखवतो, नाहीतर वर पाठवतो. या प्रश्नाचं मी काहीच करू शकलो नाही. माझे डोळे सवयीनं बुटांकडे गेले. त्यांना अजून वरठीच्या वाटेवरचा चिखल होता.

"तुमाले मालूम नाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमी नवते तेथी. ताराचंदभाऊ होते." ती उठली. "चला, घरी जाऊ. मले त्याईले विचाराचं हाय."

"आज? आत्ता? परतीची तिकिटं तीन दिवसांनंतरची आहेत."

"आज."

मग मी गुड्डीला फोन केला. तिकिटं हेमराजनं मिळवली. कशी ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी तो स्टेशनावर घामानं भिजलेला उभा होता, कार कुठे सोडून आला तेही त्यानं सांगितलं नाही. उर्वशीच्या पाया पडला तेव्हा तिनं त्याची मान धरून डोकं वर उचललं. "वाईट वाटून नोको घेऊ," ती म्हणाली. "गाडीत काही वाईट नाई. मलेच नाई जमत." हेमराजनं मान हलवली. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीचे गज धरून होता.

ज्या समुद्रासाठी मी आठवडाभर लंगडलो, त्याच्याकडे आमच्या हिनं जेमतेम पाच-दहा मिनिटं पाहिलं. परत जाताना हिशेब असा जमत होता आणि मला त्याचा थोडासा रागही येत होता. एकदा तर मी म्हणालोही, "आवडला तरी का?" ती म्हणाली, "मोठा हाय. पन त्याले काई मालूम नसन."

वरठीला उतरलो. डोमाचा ऑटो चिखलातून निघाला होता. तो स्टेशनावरच होता. मी त्याला आतल्या रस्त्यानं घे म्हणून सांगत होतो, तर उर्वशी म्हणाली, "सरळ घे बापू, हायवेनं." डोमानं माझ्याकडे पाहिलं. मी पिशव्या आत ठेवल्या आणि बसलो. ती जागा आली तेव्हा तिथे काहीच नव्हतं. एक दगड, थोडं गवत, कुणीतरी टाकलेली बाटली. उर्वशीनं पाहिलं. माझाही इलाज नव्हता, मीही पाहिलं.

घरासमोर उतरल्यावर ती घरात गेली नाही. ताराचंद त्याच्या अंगणात जीपचं बॉनेट उघडून काहीतरी करत होता. आम्हाला बघून त्यानं फडक्याला हात पुसले. "आले बी? वादळाचं पेपरात वाचलं मी. मनलं, एखादी गाडी केली असती तं..."

"ताराचंदभाऊ," उर्वशी म्हणाली, "पिंटू जीपमंदी होता तवा जिवंत होता ना?"

ताराचंदचा हात फडक्यातच राहिला. कुंताबाई दारात आल्या आणि दारातच थांबल्या.

"होता, वहिनी."

"बोलला काही?"

रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर गिअर, टायर, मायलेज यांची अखंड टकळी लावणारा हा माणूस जीपच्या पायरीवर बसला.

"हॉर्न बंद होता जीपचा," तो म्हणाला. "रस्त्यावर पहाटेचे ट्रक. मी खिडकीतून मुंडकं काढून बोंबलत होतो, हटा, हटा. तं पिंटू मांगून मनते, काका, आता तं हॉर्न दुरुस्त करून घ्या."

"असं मनला?"

"हाव. अन् हसला. खरंच हसला, वहिनी. मले वाटलं, पोरगं हसून राहिलं, तं वाचन. म्हनून मी आणखी जोरात नेली." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "दवाखान्याच्या फाटकापाशी मनलं, पिंटू, पोचलो. तं तो बोलला नाई. कसं सांगाचं होतं मी तुमाले? पोरगा मरून राहिला होता अन् माह्या हॉर्नवर हसत होता."

उर्वशी जीपजवळ गेली. मागचा दरवाजा उघडाच होता. ती सीटकडे पाहत राहिली. आत नाही बसली. सीटवर फक्त हात ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"दुरुस्त केला का मंग?"

"नाई केला. हातच नाई धजला."

ती अंगणात, जीपच्या चाकाला टेकून, जमिनीवर बसली. "पयलेपासून सांगा," ती म्हणाली. "तुमाले कोन उठवलं, तेथपासून. काईच सोडू नोका."

ताराचंद सांगायला लागला. मीही पिशव्या ठेवल्या आणि तिच्या बाजूला बसलो. मी त्याचा बाप, आणि यातलं मला काहीच माहीत नव्हतं.